एसओडी, एपीएक्स की ड्रेब: ओव्हरएक्स्प्रेशनसाठी जीन कुठला घ्यायचा?

पुण्यात गणेशखिंडीत (विद्यापीठात) असा, पाषाणच्या संस्थांत असा नाहीतर आघारकर संशोधन संस्थेत, प्लांट स्ट्रेसवर काम सुरू करणारे बरेच जण इथेच अडकतात, की झाडाला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (ऑक्सिजनच्या घातक रूपांचा ताण) सोसवावा म्हणून नेमका कुठला जीन ओव्हरएक्स्प्रेस करायचा, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त चालवायचा. माझं मत आधीच सांगते, एकटा एसओडी (सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या एन्झाइमचा जीन) घेऊ नका.

कारण बघा. पाणी कमी पडलं की पानाची रंध्रं मिटतात, कार्बन डायऑक्साइड आत येत नाही पण ऊन काही थांबत नाही, मग क्लोरोप्लास्टमधले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवर जाऊन सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं घातक रूप बनतं. एसओडी त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतो, म्हणजे निम्मंच काम झालं, कारण ते पेरॉक्साइडही साठलं तर घातकच. म्हणून तर जुने रिझल्ट एकमेकांशी जुळत नाहीत. १९९० मध्ये पेट्यूनियाचा क्लोरोप्लास्टमधला एसओडी तंबाखू-टोमॅटोत वाढवूनही झाडं जास्त चिवट झाली नाहीत, १९९३ मध्ये वाटाण्याचा घातलेल्या तंबाखूत मात्र फायदा दिसला, आणि त्या झाडांत त्यांचा स्वतःचा एपीएक्सही (एस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज हे एन्झाइम) वाढलेला निघाला. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट ती आहे.

एपीएक्स पेरॉक्साइडचं पाणी करतो, अगदी कमी पेरॉक्साइड असलं तरी पकडतो, पण त्याला एस्कॉर्बेट म्हणजे व्हिटॅमिन सी लागतं आणि ते संपलं की क्लोरोप्लास्टमधला एपीएक्स पटकन निकामी होतो. तरी जोडी म्हणून एसओडी अधिक एपीएक्सच घ्या, दोन्ही क्लोरोप्लास्टमध्ये. २००६ मध्ये बटाट्यात नेमकं हेच केलं, प्रमोटर (जीन कधी चालू व्हायचा ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) स्ट्रेस आल्यावरच चालू होणारा, आणि ती झाडं मिथाइल व्हायोलोजेन (सुपरऑक्साइड बनवणारं तणनाशक) आणि उष्णता दोन्हीला जास्त टिकली.

ड्रेब-१ए वेगळ्या जातीचा, तो वरचा स्विच आहे, खालचे बरेच जीन एकदम चालू करतो. दुष्काळ, क्षार, थंडी असं सगळं हवं असेल तर तोच बरा. पण सतत चालू राहणारा ३५एस प्रमोटर लावला तर झाडं खुजी राहतात, १९९९ च्या अरॅबिडॉप्सिसच्या (प्रयोगशाळेत वापरतात त्या छोट्या झाडाच्या) कामात स्ट्रेस आल्यावर चालू होणारा आरडी२९ए प्रमोटर लावल्यावर वाढ बरीचशी नीट राहिली. शिवाय फरक दिसला तरी तो नक्की कशामुळे हे व्हायवात सांगताना घाम फुटतो.

टेस्ट करताना नुसता एनबीटी या डायचा निळा रंग बघून खूश होऊ नका, तो सुपरऑक्साइडचा. शेजारी डीएबी हा दुसरा डायही लावा, फॉइल गुंडाळून अंधारात, मग पानाच्या डिस्क अल्कोहोलमध्ये उकळून हिरवा रंग काढला की तपकिरी डाग स्पष्ट दिसतात आणि पेरॉक्साइड कुठे साठलंय ते कळतं. निळा फिका पण तपकिरी गडद आला तर एसओडी चाललाय, पुढचं अडलंय.

वेळ कमी असेल तर अरॅबिडॉप्सिसवर फ्लोरल डिप (फुलं जीन नेणाऱ्या बॅक्टेरियाच्या द्रावणात बुडवणं) करा, टिश्यू कल्चरची कटकट नाही. वेगवेगळ्या इन्सर्शनच्या (जीन जीनोममध्ये वेगवेगळ्या जागी बसलेल्या) निदान तीन-चार लाइन्स ठेवा, आणि कन्स्ट्रक्ट (झाडात घालायचा डीएनए) बनवायच्या आधीच संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीकडे अर्ज टाका, तिथेच महिने जातात.