फुकटातला हिशेबनीस: छोट्या संस्थांना ही सेवा कितपत परवडते?

गोव्यात निवृत्त बँक मॅनेजर शोधायला लांब जावे लागत नाही. फोंडा, म्हापसा, डिचोली, कुठल्याही वाचनालयात सकाळी वर्तमानपत्र चाळणाऱ्यांत एखादा सापडतोच. जोडीला प्रॅक्टिस करणारे सीए, कंपन्यांतले लेखाधिकारी, मार्केटिंगवाले आणि व्यवस्थापन शिकणारे विद्यार्थी. ही मंडळी आठवड्याचे दोन-तीन तास मोबदला न घेता देतात. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. ग्राहक म्हणजे वर्षाला दहा ते चाळीस लाखांत चालणारी संस्था: विशेष मुलांचे केंद्र, वृद्धांचा आधार, भटक्या कुत्र्यांचा निवारा.

किंमत शून्य म्हणतात, ते खरे नाही. स्वयंसेवकाच्या तीन तासांमागे संस्थेतल्या कुणाला तरी तास-दीड तास कागद काढून देत बसावे लागते. ती व्यक्ती आधी ठरलेली नसेल, तर तिसऱ्या बैठकीनंतर साहेब यायचे बंद होतात आणि दोष त्यांचा नसतो. चार महिने, बारा ते चौदा बैठका, एवढे माप पुरते.

सर्वांत जास्त मोल मिळते ते निवृत्त बँकवाल्याकडून, आणि तेही देणग्या आणून नव्हे. पहिल्या बैठकीला त्याच्यासमोर चोवीस महिन्यांचे पासबुक, पावती पुस्तकांच्या स्थळप्रती, पगारपत्रक आणि वीज-पाणी-भाड्याची बिले ठेवावीत. त्यातून तो दोन कागद करतो. पहिला, बारा महिन्यांच्या रोखीचा तक्ता. येणाऱ्या पैशाचे तीन भाग: खात्रीचा, बहुधा येणारा आणि नुसत्या आशेवरचा. पगार फक्त पहिल्या भागावर उभे आहेत का, ते एका नजरेत कळते. गोव्यात हा तक्ता विशेष बोलका निघतो. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. दानपेट्या, मेळे, पाहुणे तेव्हाच. जून ते सप्टेंबर हात आखडलेला, आणि नेमके तेव्हाच कर्मचारी चतुर्थीसाठी आगाऊ रक्कम मागतात. बहुतेक संस्था बुडतात त्या तोट्याने नव्हे, या चार महिन्यांनी.

दुसरा कागद खऱ्या खर्चाचा. समजा, पंचवीस मुलांच्या केंद्राचा महिन्याचा खर्च १,८०,००० रुपये आहे. म्हणजे मुलामागे ७,२००. पण देणगीदाराला सांगितला जातो ४,५००, कारण शिक्षिका आणि जेवण एवढेच धरलेले असते. भाडे, ऑडिटची फी, व्हॅनची दुरुस्ती, हिशेब लिहिणाऱ्या बाईंचे मानधन हे सगळे ‘आपलेच’ म्हणून सोडून दिलेले. फरक २,७०० गुणिले २५, महिन्याला ६७,५००, वर्षाला ८,१०,०००. देणगीदार जितक्या मुलांचा खर्च उचलतील तितके भोक मोठे. हा एक आकडा दुरुस्त झाला तरी सेवेचे पैसे वसूल.

त्यानंतर गंगाजळी. तीन महिन्यांचा खर्च म्हणजे वरच्या उदाहरणात ५,४०,०००. महिन्याला १५,००० बाजूला काढले तर तीन वर्षांत जमते. ‘धर्मादाय संस्थेने शिल्लक ठेवूच नये’ असा समज अजून पक्का आहे. नियम असा की उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्या वर्षात उद्दिष्टांवर खर्च व्हावी. उरलेले १५ टक्के ठेवता येतात.

इथून पुढचे काम सीएचे. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे. इथले क्रमांक तोंडात बसलेले जुनेच आहेत; अर्ज भरताना नवे पाहावेत.) ८०जीची सवलत (देणगीदाराला आयकरात मिळणारी सूट) असलेल्या संस्थेला वर्षभराच्या देणग्यांचे विवरण, म्हणजे फॉर्म १०बीडी, ३१ मेपर्यंत भरायचे असते, उशिराला दिवसाला २०० रुपये. अडकते ते एकाच ठिकाणी: पावतीवर देणगीदाराचा पॅन लिहिलेला नसतो. मग मे महिन्यात, लोक आंबे-काजूंच्या गडबडीत असताना, तीनशे फोन. पावती पुस्तकात पॅनचा रकाना छापून घेणे हा उपाय एका छापखान्याच्या फेरीचा आहे. २,००० रुपयांवरची रोख देणगी ८०जीत बसत नाही, हेही त्याच पानावर छापावे.

हॉटेलांत ठेवलेल्या पेट्यांबद्दल उत्साही स्वयंसेवक हमखास बोलतात. पण पेटीतला पैसा निनावी, आणि निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख, यांतल्या मोठ्या रकमेपलीकडे गेल्या की वरच्या भागावर ३० टक्के कर लागतो. त्याहून मोठा धोका परदेशी पैशाचा, आणि तो गोव्याइतका कुठेच जवळ नसेल. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन लंडनला गेलेला आपल्याच वाड्यावरचा मुलगा कायद्याने परदेशी स्रोत आहे, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी. किनाऱ्यावरच्या पाहुण्याने रुपयांत दिलेली नोटसुद्धा परदेशी देणगीच. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय (आणि नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्याशिवाय) ती घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट राखून दुबई-मस्कतला नोकरी करणाऱ्याने बँकेतून पाठवलेले मात्र चालते. हा फरक ज्याला माहीत नाही, त्या स्वयंसेवकाला देणग्यांच्या वेबपानाला हात लावू देऊ नये.

आणखी एक पथ्य: जो वह्या लिहितो त्यानेच लेखापरीक्षण करायचे नाही. सद्भावनेने दोन्ही कामे एकाच सीएला देणाऱ्या संस्था पुढे निधी मागताना तोंडघशी पडतात.

सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजकार्याला द्यायच्या पैशाच्या, बाबतीत ही सेवा मध्यम. कंपनी कायद्यातली दोन टक्क्यांची सक्ती निव्वळ नफा पाच कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा नक्त मूल्य पाचशे कोटी यांपैकी काही एक गाठणाऱ्या कंपनीलाच आहे. गावातल्या प्रत्येक कारखान्याचे दार ठोठावून उपयोग नाही. संस्थेची सीएसआर-१ नोंदणी हवी, तीन वर्षांचे काम हवे. पैसे हप्त्यांनी येतात आणि शेवटचा हप्ता बहुधा खर्चाचा दाखला दिल्यावर; म्हणजे तोवर खर्च संस्थेने आपल्या खिशातून उचलायचा. प्रस्ताव लिहून देणारे स्वयंसेवक मुबलक, ही फट तक्त्यात दाखवणारे कमी.

नियमित उत्पन्नाला आमचे मत छोट्या मासिक देणग्यांच्या बाजूने आहे. शंभर माणसे गुणिले ५०० म्हणजे महिन्याला ५०,०००, तेही पावसाळ्यात. यूपीआय ऑटोपेवर १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी पिन न टाकता वळती होते. खात्यात शिल्लक नसली की हप्ता चुकतो, म्हणून दर महिन्याच्या सात तारखेला चुकलेल्यांची यादी काढून फोन करणारा एक माणूस लागतो. विद्यार्थ्यांना हे काम छान जमते. दोन महिन्यांपलीकडे ते राहत नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे.

मार्केटिंगवाल्यांना आमच्याकडून सर्वांत कमी गुण. लोगो होतो, वेबसाइट होते, वर्षभरात डोमेनचे नूतनीकरण राहून जाते. वस्तू विकून पैसा उभारायची कल्पनाही यांचीच: पापड, आकाशकंदील, माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचे) सामान. ‘सार्वजनिक उपयोगिता’ या सदरातल्या संस्थेची अशी विक्री एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत राहावी लागते आणि तिच्या वह्या वेगळ्या, हे सांगितले की चेहरे उतरतात.

बिघाड मात्र बहुतेकदा ओटीपीत होतो. आयकर पोर्टल, बँक, देणग्यांचे खाते हे सगळे स्वयंसेवकाच्या मोबाईलवर उघडलेले, आणि तो मुलाकडे कॅनडाला गेलेला. संस्थेच्या नावाचे एक सिमकार्ड, एक ईमेल, आणि दोन विश्वस्तांना ठाऊक असलेली पासवर्डची बंद पाकिटे: हे पहिल्या बैठकीआधी हवे. तक्ता साध्या एक्सेलमध्येच मागावा. खास बनवलेले सॉफ्टवेअर बनवणाऱ्याबरोबरच जाते. शेवटच्या दोन बैठका तक्ता संस्थेच्या माणसाने भरायचा आणि स्वयंसेवकाने हात मागे बांधून बघायचा.

ही सेवा कधी मागावी, हेही महत्त्वाचे. जुलै ते ऑक्टोबर विवरणपत्रे आणि ऑडिटमुळे सीए मान वर करत नाहीत. नोव्हेंबरात सुरुवात केली तर चार महिने फेब्रुवारीत संपतात, आणि ३१ मार्चच्या आत ८५ टक्क्यांचा हिशेब जुळवायला एक महिना हाताशी राहतो.