प्रोपोफॉल की सेवोफ्लुरेन : कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतील भूल

प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे औषध शिरेतून दिले जाते, तर सेवोफ्लुरेनची वाफ श्वासावाटे. कर्करोगाची गाठ काढताना दोन्ही वापरली जातात. प्रयोगशाळेत प्रोपोफॉलची बाजू वरचढ वाटते, कारण शस्त्रक्रियेच्या ताणात मंदावणाऱ्या नैसर्गिक मारक पेशींचे (कर्करोगाच्या पेशी नष्ट करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचे) काम ते तुलनेने कमी बिघडवते. लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातील 7000 हून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून 2016 मध्ये निघालेला निष्कर्षही तसाच होता : वाफेची भूल मिळालेल्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे दीडपट. मात्र तो जुन्या नोंदींचा अभ्यास होता, आणि कोणत्या रुग्णाला कोणती भूल द्यायची हे डॉक्टरांनीच ठरवलेले असल्याने मला तो पुरेसा वाटत नाही.

प्रामुख्याने स्वीडनमध्ये झालेल्या चाचणीत स्तनकर्करोगाच्या 1600 हून अधिक रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे झाली, तेव्हा पाच वर्षांनी दोन्ही गटांत सुमारे 92 टक्के रुग्ण हयात होते. म्हणून केवळ आयुष्य वाढेल या आशेने प्रोपोफॉलचा आग्रह धरणे, निदान स्तनकर्करोगात, मला पटत नाही. मळमळ आणि उलट्या कमी होतात, हे मात्र त्याच्या बाजूचे खरे कारण आहे.