चार हार्डडिस्क, दोन डीव्हीडी ड्राइव्ह, एकच कॅबिनेट: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आमचं सांगलीत छोटं स्टुडिओचं काम आहे, बाबा लग्नाचं शूटिंग करायचे, आता एडिटिंग आणि जुन्या कॅसेट-डीव्हीडी कॉपी करून द्यायचं काम मी बघते. मिनीडीव्हीची एक तासाची कॅसेट आत घेतली की साधारण १३ जीबी होते, म्हणजे अडीचशे कॅसेटचं नुसतं कच्चं फुटेजच सव्वातीन टीबी. त्यामुळे ऑगस्टमध्ये ठरवलं की बाहेर लोंबकळणाऱ्या यूएसबी डिस्क बंद, सगळं एकाच पीसीत. ४ टीबीच्या चार हार्डडिस्क, विंडोजसाठी एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डवरच बसणारी छोटी वेगवान डिस्क) आणि दोन डीव्हीडी ड्राइव्ह.

पहिली अडचण कॅबिनेट. हल्ली काचेची जी कॅबिनेट मिळतात त्यात डीव्हीडीचा मोठा कप्पा, सव्वापाच इंचवाला, बहुतेकदा नसतोच. शेवटी जुनं मोठं टॉवर शोधलं, वर चार मोठे कप्पे आणि खाली हार्डडिस्कचे सहा. घेताना वाटलं एवढं धूड कशाला, पण आज सांगते, सगळ्यात बरोबर पडलेला निर्णय हाच.

दुसरी अडचण पोर्टांची. मदरबोर्डवर साटाचे, म्हणजे डिस्क आणि ड्राइव्हच्या केबल जोडायचे, सहा पोर्ट, चार डिस्क आणि दोन ड्राइव्ह, हिशोब चोख बसला म्हणून खूश होते, आणि चालू केलं तर एक डीव्हीडी ड्राइव्ह दिसेचना. केबल बदलली, ड्राइव्ह बदलला, रात्रीचे बारा वाजले. मग मॅन्युअल उघडलं तर बारीक अक्षरात लिहिलेलं की एम.२ च्या, म्हणजे एसएसडी बसते त्या खाचेत ती लावली की सहावा पोर्ट बंद होतो. बऱ्याच बोर्डांवर असं असतं, तेव्हा आधी मॅन्युअल वाचा आणि मगच पैसे खर्च करा. मी साटाचं एक्स्ट्रा कार्ड घेतलं आणि बॅकअपची डिस्क त्याच्यावर टाकली. डीव्हीडी ड्राइव्ह मात्र मदरबोर्डवरच ठेवा, काही स्वस्त कार्डांवर ते नीट चालत नाहीत.

आता मांडणी, कारण खरा फरक तिथेच पडला. सुरुवातीला चारही डिस्क एकाखाली एक लावल्या, दिसायला छान. पावसाळ्यात, थंडीत काही जाणवलं नाही. मार्चच्या शेवटी रेंडर (व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं) लावून डिस्कचं तापमान दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं तर मधल्या दोन डिस्क ५१-५२ डिग्रीवर, कडेच्या चार-पाच डिग्री कमी. मधल्यांना वरून पण गरम आणि खालून पण गरम, हवा जाणार कुठून? मग सगळं उपसलं. खालच्या सहा कप्प्यांत आता तीनच डिस्क, प्रत्येक दोनमध्ये एक कप्पा रिकामा, समोर १२० मिमीचा फॅन. चौथी, बॅकअपची, वरच्या मोठ्या कप्प्यात ब्रॅकेट लावून, तिच्यासमोर फॅन नाही पण ती आठवड्यातून एकदाच चालते. ऐन एप्रिलच्या दुपारी ४२ च्या वर एकही गेली नाही. नवीन काही विकत न घेता, फक्त जागा बदलून!

आवाजाचंही तसंच. ७२०० आरपीएमच्या दोन-तीन डिस्क एकत्र फिरल्या की घूंऽऽ असा खालीवर होणारा घुमारा येतो, रात्री शांततेत तर डोकं उठतं. स्क्रूखाली रबराचे वायसर टाकले आणि टेबलावरचं कॅबिनेट जमिनीवर जाड मॅटवर ठेवलं, बराच कमी झाला. आणि स्क्रूवरून आठवलं, हार्डडिस्कचा स्क्रू जाड आट्याचा आणि डीव्हीडी ड्राइव्हचा बारीक आट्याचा, एकाचा दुसऱ्याला दाबून बसवू नका, आटे जातात. मी दोन वेगळ्या डब्यांत ठेवलेत.

सगळ्यात वाईट प्रसंग पॉवरचा. एसएमपीएसला, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायला, साटाचे पॉवर कनेक्टर कमी पडले म्हणून दुकानातून जुन्या चार पिनवरून साटा करणारी स्वस्त वायर आणली. दिवाळीच्या आधी एका सकाळी जळका वास आला, मेन स्विच बंद करून बघते तर कनेक्टरचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. डिस्क वाचली, नशीब. अशा वायरीत कनेक्टर दोन तऱ्हेचे असतात, एक ज्यात वायरी अखंड प्लास्टिकच्या साच्यात ओतलेल्या, आणि दुसरा ज्यात प्रत्येक वायरची पिन वेगळी खोवलेली. जळतो तो जास्त करून पहिला. मी एसएमपीएसच बदलला, भरपूर साटा कनेक्टरवाला. वॅटचा प्रश्न नव्हताच, एक डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते, म्हणजे चार मिळून शंभरेक वॅट, ते पण काही सेकंदच.

जानेवारीत एक डिस्क मध्येच गायब व्हायला लागली. पोटात गोळाच आला, त्यात तीन लग्नं होती. पण स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्यात, खराब सेक्टर शून्य, फक्त सी७ म्हणजे सीआरसी एररचा (केबलमधून डेटा जाताना होणाऱ्या चुकांचा) आकडा रोज वाढतोय. हा आकडा वाढला की डिस्कच्या आधी केबल तपासा. माझी केबल बाजूच्या पत्र्याने दाबली जात होती. काटकोनात वळलेल्या टोकाची घेतली, आकडा आहे तिथे थांबला (शून्य होत नाही तो, घाबरू नका).

दोन डीव्हीडी ड्राइव्ह कशाला असं सगळे विचारतात. फेब्रुवारीत एक काकू २००९ ची डीव्हीडी घेऊन आल्या, मुलीच्या लग्नाची, त्यात त्यांचे मिस्टर होते आणि आता ते नाहीत. वरच्या ड्राइव्हने सत्तर टक्क्यांवर मान टाकली. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसली, गोल गोल नाही, आणि खालच्या ड्राइव्हला लावली तर त्याने अडखळत दीड तास घेतला पण पूर्ण वाचली. वेगळ्या मेकचे दोन ड्राइव्ह ठेवा, एक जे वाचत नाही ते दुसरा कधीकधी वाचतो.

बाकी बारीकसारीक. टॉवर उंच असल्याने डीव्हीडीपर्यंत अर्ध्या मीटरची केबल ताणली जाते, मोठी घ्या पण एक मीटरच्या आतली. नवीन डिस्क तयार करताना विभागणीची (पार्टिशनची) पद्धत जीपीटीच निवडा, जुन्या एमबीआरमध्ये २ टीबीच्या वरची जागा वापरता येत नाही. डीव्हीडी ड्राइव्हना वाय आणि झेड अक्षरं देऊन टाकली, नाहीतर प्रोजेक्टच्या फाइलींचा पत्ता हलतो आणि एडिटिंग सॉफ्टवेअर सगळं लाल दाखवतं. आणि प्रत्येक डिस्कच्या समोरच्या कडेला सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटपट्टीवर लिहून लावलेत. आत बसल्यावर लेबल दिसत नाही आणि चारही डिस्क एकसारख्या, भलतीच बाहेर ओढली तर संपलं.

पाचवी डिस्क भावाच्या घरी कपाटात असते, दर महिन्याला मी बॅकअप अपडेट करून परत ठेवते. फॅनची जाळी दर पंधरा दिवसांनी काढून झटकते, रस्त्याकडेचं दुकान आहे, धूळ भयंकर. खालच्या रिकाम्या कप्प्यांकडे बघून बाबा परवा म्हणाले अगं अजून दोन बसतील की, मी म्हटलं नाही बाबा, ती जागा भरलेलीच आहे.