माँटाना, नेली मोझर की जॅकमनी?

इंग्लंडात घर घेतलं की मागच्या लाकडी कुंपणावर क्लेमॅटिसची वेल चढवायची हौस येतेच. नर्सरीत माँटाना, नेली मोझर, जॅकमनी या तिच्या प्रकारांची फुलं बघून भुलू नका. फूल कोणत्या काडीवर येतं, ते आधी विचारा. आमच्या नाशिककडे द्राक्षाची कात्री याच हिशेबाने चालते. ही वेलही तशी परकी नाही. सह्याद्रीत पावसाळा सरताना पांढरी फुलणारी मोरवेल तिचीच बहीण.

माँटाना हिमालयातली. हिंदुस्थानच्या माजी गव्हर्नर-जनरलच्या पत्नी लेडी अ‍ॅमहर्स्ट यांनी १८३१ मध्ये ती इकडे आणली. मे महिन्यात पांढऱ्या-गुलाबी फुलांनी अशी लगडते की पान दिसत नाही. पण फुलं येतात ती गेल्या उन्हाळ्यात वाढलेल्या काडीवर. पहिल्या वर्षी मी फेब्रुवारीत गुलाबांबरोबर तिचीही झकास छाटणी केली. मे आला, शेजारची माँटाना बहरली, आमच्याकडे नुसता पाला! तिला कात्री लावायची ती फुलं गळल्यावर, जूनमध्ये. शिवाय ही आठ-दहा मीटर जाते. छोट्या अंगणात तीन-चार वर्षांत छपराच्या पन्हळीत घुसते.

जॅकमनी सरे परगण्यातल्या वोकिंगची, जॅकमन यांच्या नर्सरीत १८५८ मध्ये केलेल्या संकरातली. गडद जांभळी, तीन मीटरभर, जुलै ते सप्टेंबर फुलणारी. ही फुलते नव्या फुटीवर, त्यामुळे छाटणीत डोकं चालवावं लागत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस काड्या मेल्यासारख्या तपकिरी दिसतात, सालपटं सुटलेली असतात. घाबरू नका, नखाने खरवडा, आत हिरवं दिसेल. जमिनीपासून फूटभर उंचीवर समोरासमोर फुगलेली डोळ्यांची (अंकुरांची) जोडी शोधा आणि तिच्या जरा वर सगळं कापून टाका.

नेली मोझर १८९७ ची, फ्रान्समधली. फिकट गुलाबी पाकळीवर मधोमध गडद पट्टा. भर उन्हात रंग उडतो, म्हणून उत्तरेकडची भिंत असेल तर हीच घ्या. मे-जूनमध्ये मुख्य बहर, ऑगस्ट-सप्टेंबरात थोडा दुसरा. वसंताआधी फक्त वाळके शेंडे काढायचे. मोठ्या फुलांच्या जातींना एक दुखणं मात्र आहे: काल टवटवीत असलेली फांदी बुरशीने अचानक काळी पडून मान टाकते. रोप कुंडीत होतं त्याहून दोन-तीन इंच खोल लावलं, तर खालून पुन्हा फूट येते.

तिघींनाही मुळाशी गारवा आणि शेंड्याला उजेड हवा. त्या पानांच्या देठांनी आधार धरतात, तेव्हा जाड खांब काही कामाचा नाही, तार ताणा. चीक कातडीला झोंबतो, हातमोजे घाला.

पहिलीच वेल असेल तर मी जॅकमनी घ्यायला सांगेन. मोठी शेड झाकायची असेल तरच माँटाना, आणि फेब्रुवारीत गुलाब छाटताना तिच्याकडे पाठ करून उभे राहा.