बंद कारंज्यात कुमुदिनी : तिन्ही ऋतूंनंतरचा अनुभव

सिमेंटचं तीन थाळ्यांचं कारंजं, खाली गोल हौद, पंप जळालेला आणि तळाशी कुजलेला पाला. पुण्याच्या जुन्या बंगल्यांत हे अजूनही बऱ्याच ठिकाणी दिसतं. आमच्याकडचं सासऱ्यांनी हौसेनं बसवलेलं. फोडायची मजुरी आणि राडारोडा उचलायचा व्याप नको म्हणून आम्ही हौदात कुमुदिनी लावली. आता पावसाळा, हिवाळा, उन्हाळा सगळं बघून झालंय, आणि मी खूप खूश आहे.

पंप दुरुस्त केला नाही हे फार बरं झालं. कुमुदिनीला सारखं हलतं पाणी सोसत नाही. पानांवर शिंतोडे उडत राहिले की झाड खंगतं. तिला हवं असतं ते ऊन, रोज पाच-सहा तास तरी. तुमचं कारंजं आंब्याच्या गर्द सावलीत असेल तर नुसती पानं मिळतील, फुलं नाहीत.

तडे वॉटरप्रूफिंगच्या सिमेंटनं बुजवले. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, तो माशांना घातक, म्हणून हौद काही वेळा भरून रिकामा केला. कंद घमेल्यात लावले, शेतातल्या काळ्या चिकण मातीत, वर वाळूचा थर. कोकोपीट आणि शेणखत अजिबात नको. कोकोपीट तरंगतं, शेणखत कुजून पाणी नासतं.

आता डास, कारण शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी तेच विचारलं. डेंगीचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आम्ही डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले. संध्याकाळी कडेला वाकून बघितलं तर पाण्याच्या अगदी वरच्या थरात त्यांची तोंडं टिपताना दिसतात. हौदात अळी म्हणून दिसत नाही. खरा धोका वरच्या थाळ्यांचा आहे, तिथे मासे नाहीत. दोन थाळ्यांना ड्रिलनं भोकं पाडून चिनी गुलाब लावला. सगळ्यात वरची पक्ष्यांसाठी ठेवली. ती रोज रिकामी करून काथ्यानं घासते, कारण डासांची अंडी कडेला चिकटून असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. बुलबुल रोज येतात, दयाळ अधूनमधून.

फुलांबद्दल किती लिहू! निळी कुमुदिनी पाण्यापासून वीतभर वर येते, सकाळी उमलते, दुपार कलली की मिटते. तीन-चार दिवस असं चालतं, मग देठ वाकतो आणि फूल पाण्याखाली जातं. पावसाळ्यात एका देठावर चतुराची पोकळ कात चिकटलेली सापडली. पाठीवर उभी चीर, सहाही पाय शाबूत. चतुराची पिल्लंही डासांच्या अळ्या खातात.

कटकट म्हणाल तर उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पाणी भराभर उतरतं, सारखी भर घालावी लागते. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवते, क्लोरीन उडून जातं. सुरुवातीला पाणी हिरवंगार झालं होतं, पण पानांनी निम्म्याहून जास्त पृष्ठभाग झाकल्यावर शेवाळ आपोआप आटोक्यात आलं. थंडीत फुलं कमी होतात.

गप्पी प्रचंड वाढतात. जास्तीचे, ज्यांच्याकडे असे हौद आहेत त्यांना हक्कानं द्या. नदी-ओढ्यात मात्र सोडू नका, तिथल्या देशी माशांच्या पिल्लांवर ते ताव मारतात. कुणी फुकट जलपर्णी देऊ केली तर तीही घेऊ नका. मुळा-मुठेची तिनं काय अवस्था केलीय ते आपण पुलावरून बघतोच.