क्यूएमू आणि ओव्हीएमएफ: बाहेर पडताना कोसळणाऱ्या यूईएफआय अ‍ॅपसाठी काही महिने वापरल्यावर

क्यूएमू हा संगणकाचं अनुकरण करणारा प्रोग्राम, ओव्हीएमएफ हे त्यावर चालणारं यूईएफआय फर्मवेअर, आणि यूईएफआय अ‍ॅप ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय थेट फर्मवेअरवर चालतं. अ‍ॅप सगळं काम नीट करतं, शेवटची ओळ छापतं आणि फर्मवेअरकडे परतताना कोसळतं. असले दोष शोधायला ओव्हीएमएफची डीबग बिल्डच (दोष शोधायच्या तपासण्यांसह बांधलेली आवृत्ती) घ्या. रिलीज बिल्ड या कामाला निरुपयोगी आहे.

अ‍ॅप परतलं की फर्मवेअर त्याची इमेज मेमरीतून काढतं. टायमर इव्हेंट बंद करायचा राहिला असेल, तर पुढच्या टिकला कॉलबॅक (इव्हेंटला जोडलेलं फंक्शन) मोकळ्या झालेल्या जागेत उडी मारतो. रिलीजमध्ये जुना कोड तिथेच पडून असतो, म्हणून कधी चालतं, कधी नाही. डीबग बिल्ड ती जागा एएफ या हेक्स बाइटने भरते. पण एएफ ही एक्स८६ वर वैध सूचना आहे, स्कॅसडी. त्यामुळे ‘अवैध सूचना’ असा अपवाद सहसा येतच नाही. प्रोसेसर ते बाइट चालवत सुटतो, आरडीआय रजिस्टर दर वेळी ४ ने वाढतो आणि पडझड भलतीकडेच दिसते. आरआयपीच्या (चालू सूचनेचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) मागे एएफची रांग दिसली की आधी क्लोजइव्हेंट (इव्हेंट बंद करणारा कॉल) आणि प्रोटोकॉल अनइन्स्टॉल (अ‍ॅपने फर्मवेअरमध्ये नोंदवलेले इंटरफेस काढणं) तपासा. पॉइंटरच एएफने भरलेला असेल तर पत्ता कॅनॉनिकल (प्रोसेसरला मान्य स्वरूपाचा) नसतो, आणि १३ क्रमांकाचा जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो.

टीपीएल (टास्क प्रायॉरिटी लेव्हल, म्हणजे कामाचा अग्रक्रम) वाढवून खाली आणायचा राहिला, तर डीएक्सई कोअरमधला (फर्मवेअरच्या गाभ्यातला) असर्ट, म्हणजे कोडमधली तपासणी, थेट तेच सांगतो. हाताने लिहिलेल्या असेंब्लीत आरएसआय, आरडीआय, एक्सएमएम ६ ते १५ जपा. सिस्टिम व्हीची (लिनक्सवरची फंक्शन कॉलची पद्धत, जिथे ही रजिस्टर जपावी लागत नाहीत) सवय असलेले इथे हमखास चुकतात, आणि कोसळणं फर्मवेअरच्या कोडमध्ये दिसू शकतं.

मांडणी सोपी आहे: डीबगकॉन (क्यूएमूचं डीबग संदेश टिपणारं उपकरण) ४०२ हेक्स पोर्टवर लावून लॉग फाइलमध्ये घ्या. त्यात इमेज कुठे लोड झाली तो पत्ता मिळतो. त्या पत्त्यात टेक्स्ट सेक्शनचा (कोड असलेल्या भागाचा) ऑफसेट अधिक करून जीडीबी या डीबगरमध्ये सिम्बॉल जोडा (पोर्ट १२३४). इमेज लोड होण्याआधी ब्रेकपॉइंट हार्डवेअरचाच लावा. केव्हीएमवर (प्रोसेसरच्या मदतीने चालवायची पद्धत) सॉफ्टवेअरचा लोड होताना पुसला जातो. इंटरप्टची नोंद हवी तर टीसीजीवर (क्यूएमूचं निव्वळ सॉफ्टवेअरमधलं अनुकरण) चालवा, केव्हीएमवर ती मिळत नाही.

स्वयंचलित चाचण्यांत आयएसए-डीबग-एक्झिट उपकरण उत्तम; त्यात आकडा लिहिला की क्यूएमू बंद होतो. फक्त लिहिलेल्या आकड्याची दुप्पट अधिक १ असा एक्झिट कोड मिळतो. म्हणजे ० कधीच येत नाही. यशासाठी १६ लिहा आणि स्क्रिप्टमध्ये ३३ तपासा.