प्रुसास्लायसरमधला ‘कट’ आणि आमचा दांडपट्टा

आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपचं सध्या एका ऐतिहासिक लघुपटाचं काम चालू आहे आणि सामानाची जबाबदारी माझ्याकडे आहे. त्यात दांडपट्टा हवा होता. 2024 साली राज्य सरकारनं त्याला राज्यशस्त्र म्हणून घोषित केल्यापासून लोक पट्टा बारकाईनं बघायला लागलेत, आणि आमच्या भागात तर मर्दानी खेळ घरोघरी माहीत. चुकीचा पट्टा दाखवून चालणारच नव्हतं. तो थ्रीडी प्रिंटरवर बनवताना मी प्रुसास्लायसर हा प्रोग्रॅम दोन महिने रोज वापरला, आणि त्याबद्दल मनापासून लिहावंसं वाटलं.

स्लायसर म्हणजे काय, ते नवीन लोकांसाठी आधी सांगते. कॉम्प्युटरमधल्या मॉडेलचे पातळ थर पाडून कुठल्या थरात कुठे किती प्लास्टिक सोडायचं, हे प्रिंटरला सांगणारा हा प्रोग्रॅम. प्रुसास्लायसर प्रागच्या प्रुसा रिसर्च कंपनीचा, जुन्या स्लायकथ्रीआर या मुक्त प्रोग्रॅमवर उभा केलेला. फुकट आहे आणि दुसऱ्या कंपन्यांच्या प्रिंटरवरही चालतो. माझा प्रिंटर एंडर 3 आहे. त्याची सेटिंग्ज आत तयारच मिळाली.

पहिल्यांदा मी हा उद्योग घरी केलाच नव्हता. फाइल एका दुकानात दिली. त्यांनी न विचारता मॉडेल त्यांच्या मशीनवर मावेल एवढं बारीक केलं. खोबळा, म्हणजे हातात घालायचं पट्ट्याचं लोखंडी कवच, कोपराच्या अलीकडेच संपत होता. पैसे गेले, शूटिंगचा एक दिवस गेला. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण वस्तू माणसाच्या अंगावर बसायची असेल तर माप आपल्या ताब्यात असलंच पाहिजे, हे तिथं पक्कं झालं.

मापाचा गोंधळ फाइलमध्येही असतो. मॉडेल ज्यात साठवतात त्या एसटीएल फाइलमध्ये फक्त आकडे असतात, एकक नसतं. ब्लेंडर या थ्रीडी मॉडेल बनवायच्या प्रोग्रॅममध्ये मीटरात काढलेला खोबळा स्लायसरमध्ये मुंगीएवढा दिसतो. प्रुसास्लायसर अशा वेळी स्वतःहून विचारतो, की हे मॉडेल मीटरात किंवा इंचात दिसतंय, बदलून घेऊ का? या एका प्रश्नानं कितीतरी लोकांची डोकेदुखी वाचते.

मी उतरवून घेतलेलं मॉडेल व्हिडिओ गेमसाठी बनवलेलं होतं. पडद्यावर देखणं, पण आतून नुसता कागद. पत्र्याला जाडीच नाही, खिळ्यांची डोकी पृष्ठभागात नुसती खुपसलेली. स्लायसरला प्रत्येक थरात बंद वेटोळं लागतं. ते बंद नसेल तर आत कुठलं नि बाहेर कुठलं हे त्याला अंदाजानं ठरवावं लागतं आणि भिंतीच गायब होतात. प्रुसास्लायसर खुल्या कडा मोजून पिवळा त्रिकोण दाखवतो, हे चांगलंच. दुरुस्तीची सोय मात्र विंडोजच्या भरवशावर आहे, लिनक्सवाल्यांना ती मिळत नाही. तसंही ते काम मी ब्लेंडरमध्येच करते. ‘सॉलिडिफाय’नं 3 मिमी जाडी दिली, उलटे फिरलेले पृष्ठभाग सरळ केले, खिळे ‘बूलियन’नं कवचात एकजीव केले. माझं नोझल, म्हणजे प्लास्टिक सोडणारं टोक, 0.4 मिमीचं, त्यामुळे त्याहून बारीक नक्षी प्रिंटमध्ये उतरतच नाही. वर प्रायमर बसला की उरलीसुरलीही बुजते. म्हणून वेलीच्या रेघा 0.8 मिमी रुंद आणि 0.6 मिमी खोल केल्या.

आता मुख्य गोष्ट, कट. खोबळा 310 मिमी लांब, आणि माझा प्रिंटर उंचीला 250 मिमीच्या वर जात नाही. कापणं भागच होतं. पण कापायचं कुठं? ‘सी’ दाबलं की मॉडेलमधून एक प्रतल जातं, ते माऊसनं हवं तसं सरकवायचं, तिरकं करायचं. मी ते मनगटाजवळच्या पितळी पट्टीच्या कडेवर नेऊन ठेवलं. खऱ्या खोबळ्यातही तिथं पट्टी असते, डोळ्याला तिथं रेघ अपेक्षितच असते. जोड लपवायला पुट्टी लागली नाही, पट्टीनंच तो झाकला. कापायची जागा ठरवण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आणि ती सार्थकी लागली.

2023 मध्ये आलेल्या 2.6 आवृत्तीपासून कापतानाच जोडखुंट्या टाकता येतात. ‘प्लग’मध्ये खुंटी एका तुकड्यालाच चिकटलेली येते. ‘डॉवेल’मध्ये दोन्ही बाजूंना भोकं पडतात आणि खुंटी वेगळी मिळते. मी डॉवेलच घेते, कारण ती आडवी ठेवून छापता येते. उभ्या खुंटीचे थर एकावर एक रचलेले असतात, बाजूनं जोर आला की थरातून कट्कन तुटते. आडवीचे थर लांबीनं जातात. 6 मिमीच्या चार खुंट्या टाकल्या, सैलपणा 0.15 मिमी ठेवला. बोटानं दाबलं की बसते आणि ओढायला जोर लागतो, एवढं घट्ट हवं.

याच कटचा दुसरा उपयोग मला फार मोलाचा वाटतो. पूर्ण खोबळा छापायला एकवीस तास लागणार होते. त्याआधी मी मनगटापाशी आणि कोपराच्या बाजूला फक्त 15 मिमी रुंदीचे दोन काप काढले आणि तेवढेच छापले. अर्धा-पाऊण तासात एकेक. पट्टा फिरवणारा आमचा पोरगा मर्दानी खेळात तयार झालेला. त्यानं हात घातला आणि लगेच म्हणाला, “ताई, मनगटाला आवळतंय. फिरवताना कातडं सोलंल.” आत फोम बसणार, त्याची जागा मी धरलीच नव्हती. त्याच्या वस्तादांनीही काप हातात फिरवून बघितला. “पोरी, ढिलाबी नको. ढिला खोबळा हाताला खातो,” म्हणाले. मग प्रत्येक बाजूला 5 मिमी वाढवलं, पुन्हा काप छापला, आणि तो बसला.

मूठ मी छापली नाही. पट्ट्याची मूठ आतमध्ये आडवी असते आणि सगळा जोर तिच्यावर येतो, तिथं 12 मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप घातला. पातं फोमचं. खोबळ्याला आतली भरण 15 टक्केच, पण भिंती चार, कारण ताकद भिंतींतून येते. छापताना अधांतरी भागाखाली लागणारे आधार कुठं यायचे तेही प्रुसास्लायसरमध्ये ब्रशनं रंगवून सांगता येतं. मी ते फक्त आतल्या बाजूला रंगवले, बाहेरची नक्षी अजिबात बिघडली नाही.

एक सावधगिरी सांगते, हिचा स्लायसरशी संबंध नाही. पीएलए, म्हणजे मी छापायला वापरते ते प्लास्टिक, 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिलमध्ये बंद गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलेला पहिला खोबळा माझ्यासमोर वाकडा झालेला आहे. सामान सावलीतच ठेवा.

उणिवा आहेत. मेन्यू गच्च भरलेले, पहिल्या आठवड्यात गोंधळायला होतं. आणि कापून झाल्यावर खुंटीचा व्यास बदलावासा वाटला तर तो बदलता येत नाही, मागे जाऊन पुन्हा कापावं लागतं. म्हणून कापण्याआधीची थ्रीएमएफ फाइल (मॉडेल आणि सेटिंग्ज एकत्र ठेवणारी) वेगळी जपा. माझ्याकडे ‘पट्टा-कापण्याआधी’ नावाची आहे. पुढच्या दृश्यात दोन्ही हातांत पट्टे आहेत, त्यामुळे डाव्या हाताचा खोबळा आता तीच फाइल उघडून, आरशासारखी उलटवून काढायचा आहे.